चैत्रातला पूर

तुम्ही खोटं लिहिलं आहे, साहेब. खोटं लिहून वर त्याच्यावर काच बसवली आहे आणि दिवा सोडला आहे.

धुळ्याच्या तुमच्या नव्या कलासंग्रहालयात, वरच्या मजल्यावर, डाव्या हाताच्या तिसऱ्या पेटीत एक टाक आहे. टाक म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेल, पण नीट ठाऊक नसेल. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवलेली, तळहातात मावेल एवढी आकृती. देव्हाऱ्यात देवांचे टाक असतात आणि घरचं माणूस गेलं तर त्याचाही करून तिथंच ठेवतात. त्या टाकाखाली तुम्ही कार्ड लावलं आहे: 'चंद्रधारिणी देवी. चांदी. गिरणाकाठी, जुन्या महापुरात वाहून आलेल्या टाकांपैकी एक. जतन व देणगी: श्री. प्रेमराज पाटील व परिवार.'

एवढ्या कार्डात एकच शब्द खरा आहे, चांदी. बाकी सगळं खोटं.

तुम्ही म्हणाल, पुरावा काय? पुराव्याचं वय पंच्याहत्तर आहे, त्याचे गुडघे दुखतात आणि त्याचं नाव पार्वताबाई.

पार्वताबाई जळगावात राहते. दोन खोल्या, पुढं तुळस नाही, गोकर्णाचा वेल आहे. नवरा भुसावळला रेल्वेत खलाशी होता, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा राजदीप हैदराबादला. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि तो विचारायच्या आधीच ही सांगून टाकते, "जेवले रे बाबा." एकट्या बाईचं घर कसं चालतं ते बघायचं असेल तर तिचा गॅस सिलिंडर बघा. पाच महिने पुरतो. सिलिंडरवाला दर वेळी विचारतो, "आजी, गावाला गेल्या होत्या का?" ती हो म्हणते. इथंच होते म्हणून सांगायची लाज वाटते तिला.

अकरा वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात बीपीच्या रांगेत उभी असताना तिला मागून आवाज आला, "आज लाईन कितली मोठी शे वं माय!" हा हेल तिच्या गावचा होता. एरंडोल तालुक्यात, गिरणेच्या काठच्या गावाचा. तिनं वळून पाहिलं तर भिकुबाई. गावच्या पाटलाची मुलगी. गावात असताना दोघी एकाच नदीचं पाणी प्यायल्या, पण पाणवठे वेगळे. तिथं कधी एक शब्द बोलणं झालं नव्हतं. म्हातारपणी जळगावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, एकमेकींना सापडल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीखालचा बाक दोघींचा. ही तिला भिकू म्हणते, ती हिला पारू म्हणते. या वयात नावानं हाक मारणारं दुसरं कोणी दोघींनाही उरलेलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला नको, पण सांगतो. या अकरा वर्षांत भिकुबाई पार्वताबाईच्या घरी चहा प्यायली, पाणी प्यायली, टीव्ही पाहिला, दुपारची झोपलीसुद्धा. जेवली मात्र नाही. ताट वाढायची वेळ आली की तिला नेमका उपास असायचा. चतुर्थी, सोमवार, एकादशी. तिथी हाताशी नसली तर "आज पोट बरं नही वं." पार्वताबाईला काय कळत नव्हतं? पण ती बोलली नाही. एकटं माणूस आहे त्या सोबतीला फार खोदून विचारत नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी भिकुबाई बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "पारू, धुयाले चाल. तठे नवं म्युझियम उघडेल शे. चित्रं शेतस, मूर्त्या शेतस. आनि मन्हा भाचाना नाव लागेल शे पाटीवर. मन्हा माहेरना नाव! प्रेमराजनी जुन्या वस्तू दियात त्यासले."

"मी काय करू देखीसन?"

"मन्हासंगे ये. सून म्हनस तिले टाईम नही. एकली जाईसन मी कोनले दाखाडू, का हाई मन्हा माहेरना नाव शे?"

म्हणजे दाखवायला कोणीतरी हवं होतं. पार्वताबाईला बाहेर पडायला कोणीतरी हवं होतं. मैत्री अशीच असते, त्यात वाईट काही नाही.

सकाळच्या एसटीत कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. पार्वताबाईला पंच्याहत्तर पूर्ण, तिकीट माफ. भिकुबाई एक वर्षानं लहान, तिला अर्धं तिकीट. कंडक्टर दोन्ही कार्डं शेजारी धरून म्हणाला, "दोघींचा वाढदिवस एक जून?"

"आमना गावमा बठ्ठासना जलम एक जूनलेच," भिकुबाई म्हणाली. "शायना गुरुजीनी सुईनले एकच दिन टाईम दियेल व्हता."

अख्खी बस हसली. पार्वताबाईही हसली, तोंडाला पदर लावून. बऱ्याच दिवसांनी तिच्या बोलण्यावर नाही तरी तिच्या शेजारच्या बोलण्यावर माणसं हसली होती.

बांभोरीच्या पुलावरून गिरणा दिसली. पाणी नावाला. वाळूत ट्रॅक्टर उभे. भिकुबाईनं नदीला हात जोडले, पुढं एरंडोल आल्यावर पद्मालयाच्या दिशेनं जोडले. पार्वताबाईनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. पिशवीत फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या चार भाकरी होत्या, भरीत होतं, लसणाचा ठेचा होता. भाकरी दोघींच्या अंदाजानं केल्या होत्या. आज कोणता वार, कोणती तिथी, तिनं कॅलेंडरात आधी बघून घेतलं होतं. आज उपास नव्हता.

संग्रहालय गार होतं आणि इतकं स्वच्छ की भिकुबाई चपला काढायला वाकली. रखवालदार म्हणाला, "राहू द्या आजी, देऊळ नाही." खालच्या मजल्यावर चित्रं. एका भिंतीएवढ्या निळ्या चित्रासमोर दोघी थांबल्या. सगळं निळं, मधे एक लाल डाग.

"हाई काय शे वं?"

"चित्र शे."

"कशानं चित्र?"

पार्वताबाईनं कार्ड वाचलं. "चित्रकारना मनना."

"मंग मन सांडाई गयं त्यान्हं," भिकुबाई म्हणाली. दोघी इतक्या हसल्या की रखवालदारानं बोट ओठावर ठेवलं. शाळेत एका बाकावर बसायला मिळालं असतं तर अशाच हसल्या असत्या. तेव्हा पार्वता वर्गाच्या दाराबाहेर बसायची.

मग वरचा मजला. तिथं पाटी होती आणि पाटीवर भाच्याचं नाव होतं. भिकुबाईनं नावावरून बोट फिरवलं, मग मोबाइल पार्वताबाईच्या हातात दिला. "काढ फोटो. पाटी पुरी येवाले पाहिजे." फोटो निघाला. भिकुबाई पाटीपेक्षा ताठ उभी होती.

आणि मग तिसरी पेटी.

पार्वताबाईनं आधी कार्ड वाचलं नाही. आधी तिला छिद्र दिसलं. टाकाच्या वरच्या कडेला, मधोमध नाही, जरा उजवीकडे सरकलेलं, खिळ्यानं पाडलेलं छिद्र. मग तिला बाईची आकृती दिसली. चेहरा म्हणजे काय, दोन टिंबं आणि एक रेघ. बाईच्या उजव्या हातात वाकडं काहीतरी. तिनं काचेला कपाळ टेकवलं.

"माय," ती म्हणाली. हाक मारतात तशी.

आता ऐका, साहेब. हे तुमच्या नोंदवहीत नाही.

पार्वताबाईची आई तानुबाई. ज्वारी कापताना शेतात साप चावून मेली, तेव्हा पार्वता चार वर्षांची. फोटो नव्हता. फोटो कुठून असणार, त्या वस्तीत आरसे दोन होते. बाप देवचंद गावच्या सोनाराकडे गेला, महिनाभर त्याची लाकडं फोडली आणि बदल्यात बायकोचा टाक करून मागितला. सोनार म्हणाला, बाईच्या हातात कमळ देतो, साचा तयार आहे. देवचंद म्हणाला, "कमय तिनी जलममा देखं नही. इया दे." विळा द्या. सोनारानं साच्यावर ठोकून कमळ मोडलं आणि विळा केला. तो चंद्र नाही, साहेब. विळा आहे. ज्या हातानं तुमच्या-आमच्या आज्यांच्या ज्वाऱ्या कापल्या त्या हातातला.

पोरगी आईसाठी रडायची म्हणून बापानं खिळ्यानं छिद्र पाडलं, काळा दोरा ओवला आणि टाक तिच्या गळ्यात घातला. तीन वर्षं तो तिथं होता. आई कशी दिसायची हे तिला आठवत नाही. तिला आठवतात ती दोन टिंबं आणि एक रेघ.

नागपूरला दीक्षा झाली. त्याच्या पुढच्या चैत्रात वस्तीनं ठरवलं. दुपारी सगळी घरं निघाली. टोपल्यांत देव. मरीमाय, खंडोबा, म्हसोबा, पितरं, सगळी. नदी आटलेली, वाळू तापलेली, पाय भाजत होते. पाणी होतं ते फक्त डोहात. एकेकानं आपली टोपली रिकामी केली. शेवटी देवचंद पोरीपुढं बसला. म्हणाला, "बाई, हाई माय नही. हाऊ पत्रा शे. तुन्ही माय तुन्हा हाडमा शे." त्यानं दोरा तोडला नाही. म्हणाला, "मी नही टाकाव. तुन्ही माय, तू टाक."

सात वर्षांच्या पोरीनं गळ्यातून दोरा काढला. आणि टाकला. स्वतःच्या हातानं. डोहात पडताना आवाजसुद्धा झाला नाही.

त्या रात्री ती रडली की नाही, ते विचारू नका. पण पुढं अडुसष्ट वर्षं, जेव्हा जेव्हा जगानं तिला हलकं लेखलं, तेव्हा तेव्हा तिनं मनात तो हात उचलून पाहिला. मी माझी माय डोहात टाकली आहे, तुम्ही काय टाकलंत? आणि तुम्ही कार्डावर लिहिता, पूर आला होता.

पेटीसमोर तिचे हात आपोआप वर येऊ लागले. छातीपर्यंत आले. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई ती. तिनं हात तिथंच थांबवले, आणि मग ते कुठं ठेवावेत तिला कळेना. पिशवीचे बंद तिनं मुठीत गच्च धरले.

शेजारी भिकुबाईनं ते पाहिलं. म्हणाली, "तू नको जोडू, तुले चालत नही. मी जोडस तुन्हा वाटना." आणि तिनं डोळे मिटून हात जोडले.

त्यात माया होती. पार्वताबाईला ती माया कळली आणि त्याच क्षणी तिला त्या पेटीवर डोकं आपटावंसं वाटलं.

"देवी नही ती," ती म्हणाली. "मन्ही माय शे."

तिथं बसलेली ऋतिका नावाची मुलगी धावत आली. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, वय पंचवीस. पोरगी वाईट नव्हती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. विळा, छिद्र, चैत्र. मग म्हणाली, "आजी, मला पटतंय. पण नोंद देणगीदारानं दिलेल्या माहितीवरून केली आहे. ती बदलायची तर कागद लागतो. नाहीतर साक्षीदार. त्या वेळचं कोणी आहे का?"

पार्वताबाईच्या चेहऱ्यावर उजेड आला. "आहे ना. ही काय!"

कारण तीनच वर्षांपूर्वी, टाकीखालच्या बाकावर, भिकुबाईनंच आपणहून सांगितलं होतं: "तुमनासनी डोहमा देव टाकात ना, तधय मी काठवर व्हतू. म्हशी धुवाले उनी व्हती मोलकरीनसंगे. तू टाकं ते बी देखं मी. मन्हा आजा म्हने, आते गाववर कोप व्हई. काय कोप व्हयना? तू मन्हापेक्षा धट शे." आणि दोघी हसल्या होत्या.

भिकुबाईनं पदर सारखा केला. एकदा पेटीकडं पाहिलं, एकदा त्या पाटीकडं. शहरातल्या मराठीत म्हणाली, "मी लहान होते बाई. मला काही आठवत नाही. पूर आला होता असं आमचे वडील सांगायचे."

"भिकू."

"खरंच नाही आठवत."

ऋतिका दोघींकडं बघत राहिली. मग तिनं अभिप्रायाची वही पुढं सरकवली. "आजी, तुम्ही यात लिहून ठेवा. मी वर पाठवते."

दोघी बाहेर आल्या. आवारात कडुलिंब, त्याखाली बाक. दुपारचा दीड. पार्वताबाईनं फडकं सोडलं आणि भाकरी मांडीवर ठेवली, पण खाल्ली नाही. एक शाळेची सहल आली, गलका करत आत गेली.

मग भिकुबाई हळू आवाजात सुरू झाली, जमिनीकडं बघत. "मन्हा बापनी काढात त्या टाक. आठ दिन नंतर दोन पोहनारा गडी डोहमा उतारात. चांदी व्हती ना. बाकीन्या सोनारकडे वितायात. हाई तेवढी मन्ही मायनी वितू दिनी नही. म्हने, बाईनं तोंड शे. देव्हारामा ठी तिनी. दरसाल धुयवडले तिले न्हावू घाले, निवद दाखाडे. आम्ही चंद्रीमाय म्हनूत तिले. तुन्ही माय आमना घर सुखमा व्हती वं पारू. तुन्ही आन."

"तुन्ही मायनी मन्ही मायले निवद दिना," पार्वताबाई म्हणाली. "आनि मन्हा हातनी भाकर तुले अकरा साल चालनी नही."

कडुलिंबाची पानं पडत होती, एक भाकरीवर पडलं. मग भिकुबाईनं हात पुढं केला, पान बाजूला केलं, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं की कशाचं कोणास ठाऊक. दुसरा तुकडा मोडला.

दुसरं कोणी असतं तर गळ्यात पडलं असतं. अकरा वर्षं जे मागता आलं नाही ते समोर घडत होतं. पार्वताबाईनं ते बघितलं, शेवटचा घास गिळेपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "भाकर मांगी नव्हती मी. साक्ष मांगी व्हती."

"प्रेमराजना नाव शे तठे. मन्हं माहेर तुटी जाई, पारू. भाऊबीजले कोना घर जाऊ मी?"

"मी कोना घर जास?"

पार्वताबाईनं फडक्याची गाठ मारली.

"हाई बठ्ठं माले काबर सांगस? माले ठाऊक शे. आत जाय, त्या पोरले सांग. दोन शब्द. पूर नव्हता. ऊठ."

भिकुबाई उठली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली. पण उठली नाही.

पार्वताबाई उठली. गुडघ्यावर हात देत जिना चढली. सहलीची पोरं तिसऱ्या पेटीपुढं उभी होती आणि त्यांच्या बाई मोठ्यानं वाचून दाखवत होत्या, "चंद्रधारिणी देवी." पोरं म्हणाली, "चंद्रधारिणी देवी." चाळीस आवाज. एवढ्या आवाजाला एकट्या बाईचा आवाज पुरत नाही. तरी ती म्हणाली, "इया शे तो. विळा." मागच्या रांगेतल्या एका मुलीनं वळून पाहिलं, मग टाकाकडं पाहिलं, डोकं तिरकं करून. तेवढ्यात रांग पुढं गेली.

तिनं वहीत लिहिलं. चौथीपर्यंतचं अक्षर, सरळ रेषेत. आईचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आपलं लिहिलं, खाली एकच प्रश्न लिहिला. साक्षीदाराच्या जागी काही लिहिलं नाही. तेवढी जागा मोकळी सोडली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

परतीच्या एसटीत दोघींना एका बाकावर जागा होती. भिकुबाई खिडकीशी बसली आणि शेजारी पिशवी ठेवून जागा धरली. पार्वताबाई तीन रांगा मागं जाऊन बसली. गिरणेचा पूल आला. आज भिकुबाईनं हात जोडले नाहीत, एवढं पार्वताबाईनं मागून पाहिलं. जळगावला उतरल्यावर दोघी एकाच रस्त्यानं, पुढं-मागं, आपापल्या घरी गेल्या.

पार्वताबाई अजून रोज संध्याकाळी टाकीखालच्या बाकावर जाते. एका बाजूला बसते, अर्धा बाक मोकळा ठेवते. परवा सिलिंडरवाला आला. म्हणाला, "आजी, या वेळी तर फारच दिवस गेले. गावाला होत्या का?" ती म्हणाली, "नाही. इथंच होते."

त्या वहीला आता दोन महिने झाले, साहेब. वहीत दर पानावर तुम्हीच रकाना छापला आहे: 'कार्यालयाचे उत्तर'. तिच्या पानावर तो कोरा आहे. देवी मानायची तर माना, चंद्र म्हणायचं तर म्हणा, भाच्याचं नाव सोन्यानं कोरा. भिकुबाई बोलत नाही, तिला तिचं माहेर आहे. तुमचं कोणतं माहेर तुटतंय? वहीत एका बाईनं एकच प्रश्न विचारला आहे, तो इथं पुन्हा विचारतो: भर चैत्रात, जेव्हा वाळूनं सात वर्षांच्या पोरीचे पाय भाजत होते, तेव्हा गिरणेला पूर आला होता का?

हो की नाही, एवढंच लिहा. पण सही करून लिहा.